इंजिन पुढे गेले, मार्ग मागे राहिला

रेल्वेच्या वेळापत्रकात कर्जत शोधले की रायगड जिल्ह्यातले कर्जत सापडते. बोरघाटाच्या पायथ्याचे, पुण्याकडे चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडली जातात ते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला स्टेशन नाही. या तालुक्याच्या पश्चिमेला श्रीगोंद्याच्या बाजूने दौंड–मनमाड मार्ग जातो, दक्षिणेला भीमेच्या खोऱ्यातून दौंड–सोलापूर मार्ग जातो, आणि राशीन, मिरजगाव, कर्जत ही गावे या दोन मार्गांच्या बेचक्यात राहतात. गाडी पकडायची तर एसटीने किंवा दुचाकीने दौंड, श्रीगोंदा रोड, जेऊर नाहीतर थेट अहिल्यानगर गाठावे लागते. गेल्या काही वर्षांत मात्र या दोन्ही मार्गांवर देशातल्या सर्वांत वेगवान विजेच्या गाड्या धावू लागल्या. मुंबई–सोलापूर वंदे भारत 10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झाली, तर पुणे–अजनी (नागपूर) वंदे भारत 10 ऑगस्ट 2025 रोजी दौंड–अहिल्यानगर–मनमाड मार्गाने सुरू झाली. वेगवान विद्युत इंजिनांच्या शंभर वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडायला ही जागा योग्य आहे, कारण वेगाचे मोल तो डोळ्यांसमोरून जाताना पाहणाऱ्या माणसापेक्षा त्याच्यापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या माणसाला जास्त नेमके कळते. माझे म्हणणे असे की महाराष्ट्रात इंजिन कधीच कमी पडले नाही. ते प्रत्येक पिढीत मार्गाच्या पुढे राहिले. म्हणून यापुढचा पैसा आणि लक्ष कमाल वेगाच्या आकड्यावर खर्च न होता मार्ग, क्रॉसिंग, देखभाल आणि साध्या डब्यांवर खर्च झाले पाहिजे.

इतिहास पाहिला तर हे म्हणणे टिकते. मुंबईत विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी 1500 व्होल्ट डीसी प्रवाहावर धावली. पुढच्या चार-पाच वर्षांत तारा बोरघाट चढून पुण्यापर्यंत आणि थळघाट चढून इगतपुरीपर्यंत गेल्या. त्यासाठी बोरघाटातला मार्ग सुधारून घेतला गेला, गाडीला उलटी फिरवणारे जुने रिव्हर्सिंग स्टेशन 1929 मध्ये बंद झाले. याच काळात जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीने, प्रवासी गाड्यांसाठी मेट्रोपॉलिटन-विकर्सकडून ईए/1 वर्गाची इंजिने घेतली. पुढे त्यांना डब्ल्यूसीपी-1 हे नाव मिळाले. सुमारे 2160 अश्वशक्तीच्या या इंजिनांना ताशी 85 मैल, म्हणजे जवळपास 137 किलोमीटरचा वेग पेलत असे. आज देशातल्या बहुतेक मुख्य मार्गांवर परवानगी आहे ती 110 ते 130 किलोमीटरची. म्हणजे 1928 च्या सुमारास मुंबईत उतरलेले इंजिन आजच्या परवानगीपेक्षाही जास्त वेगाचे होते. ज्या मार्गावर ते धावले, त्याची कथा तर आणखी बोलकी आहे. डेक्कन क्वीन 1 जून 1930 रोजी सुरू झाली तेव्हा मुंबई–पुणे हे 192 किलोमीटरचे अंतर पावणेतीन तासांत कापत असे. आता तिला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. तासाला सत्तर किलोमीटरची सरासरी साठच्या आसपास आली. आज थांबे वाढले आहेत आणि ठाणे-कल्याणच्या उपनगरी गाड्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते, हे मान्य. पण मुद्दा तोच आहे: या नव्वदहून अधिक वर्षांत तिच्यापुढच्या इंजिनाची ताकद दुपटीहून जास्त वाढली आणि प्रवासाचा वेळ मात्र वाढला.

स्वातंत्र्यानंतर विजेची इंजिने इथेच बनवायचा निश्चय झाला. चित्तरंजन कारखान्याने 1961 मध्ये पहिले विद्युत इंजिन बाहेर काढले, त्याचे नाव ‘लोकमान्य’ ठेवले गेले आणि ते मध्य रेल्वेच्या डीसी मार्गासाठी होते. मराठी वाचकाला याचा अभिमान वाटावा, आणि त्याबरोबर हेही ध्यानात यावे की त्याच सुमाराला देशाने 25 किलोव्होल्ट एसी पद्धत स्वीकारलेली होती. मुंबईभोवतीचा डीसी प्रदेश त्यामुळे बेटासारखा उरला. एसीवरून आलेली गाडी इगतपुरीला थांबायची, इंजिन बदलायची, मग घाट उतरायची. या बेटापायी दोन्ही प्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम वर्गाची इंजिने खास बनवावी लागली. 1970 च्या दशकातली डब्ल्यूसीएएम-1 पश्चिम रेल्वेवर, तर 1990 च्या दशकातली डब्ल्यूसीएएम-3 मध्य रेल्वेवर, कल्याण शेडच्या ताब्यात. ती इंजिने मेहनती होती आणि पुढची वीस वर्षे मुंबई-पुणे मार्गाचा बराच भार त्यांनी वाहिला. पण दोन प्रकारची यंत्रणा एका चौकटीत कोंबल्यावर ती कोणत्याच प्रवाहावर सर्वोत्तम ठरत नाही. मुंबईच्या मध्य मार्गाचा डीसीवरून एसीवर जाण्याचा बदल जून 2015 मध्ये पुरा झाला आणि हार्बर 2016 मध्ये एसीवर आली. त्याच क्षणी या इंजिनांचे वेगळेपण संपले. इंजिनाच्या रचनेने कितीही चतुराई दाखवली, तरी मार्गावरचा एक जुना निर्णय तिला दशकानुदशके बांधून ठेवतो, याचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे नाही.

आजचा ताफा ज्या दोन इंजिनांवर उभा आहे त्यांची पाळेमुळे 1993 च्या करारात आहेत. एबीबी या कंपनीकडून तीन-फेजचे तंत्र घ्यायचे, काही इंजिने आयात करायची आणि बाकी चित्तरंजनला बनवायची असा तो करार होता. प्रवासी गाड्यांसाठीची अकरा डब्ल्यूएपी-5 इंजिने 1995 पासून आली. त्यांची जातकुळी स्वित्झर्लंडच्या ‘लोक 2000’ म्हणजे आरई 460 या इंजिनाशी मिळते. जुन्या इंजिनांतल्या डीसी मोटरींना कार्बनचे ब्रश असतात, ते झिजतात, ठिणग्या पडतात, सारखी देखभाल लागते. तीन-फेजच्या मोटरींत ब्रशच नसतात. शिवाय गाडी थांबवताना मोटर जनित्र बनते आणि वीज तारेत परत जाते. डब्ल्यूएपी-5 च्या मोटरी आसाच्या डोक्यावर न बसता बोगीच्या चौकटीला टांगलेल्या असतात, त्यामुळे रुळावर बसणारे हादरे कमी होतात. चार आसांचे, सुमारे 78 टनांचे, ताशी 160 किलोमीटरसाठी बनवलेले हे इंजिन चाचणीत 184 पर्यंत गेले. चित्तरंजनने 2000 मध्ये पहिले देशी डब्ल्यूएपी-5 बनवले आणि त्याच वर्षी डब्ल्यूएपी-7 चे पहिले इंजिनही बाहेर पडले. दुसऱ्याचे मूळ डब्ल्यूएजी-9 या मालगाडीच्या इंजिनात आहे. गिअरचे प्रमाण बदलून त्याला प्रवासी कामाला जुंपले. सहा आस, 123 टन वजन, 6000 च्या वर अश्वशक्ती, 140 किलोमीटरचा वेग.

यानंतर जे घडले त्यातच या प्रश्नाचे मर्म आहे. वेगवान डब्ल्यूएपी-5 पुढची कित्येक वर्षे मोजकीच बनली आणि बहुतेक गाझियाबादच्या शेडमध्ये राजधानी-शताब्दीसाठी राहिली. तिच्याहून सावकाश डब्ल्यूएपी-7 मात्र अजनी, कल्याण, भुसावळ, पुणे अशी देशभर पसरली. रेल्वेने वेग सोडून बळ निवडले, आणि ही निवड शहाणपणाची होती. भारतातली लांब पल्ल्याची गाडी म्हणजे बावीस-चोवीस डबे, तेराशे-चौदाशे टन. ती जागची हलवायला वेगापेक्षा चाकांची रुळावरची पकड लागते, आणि पकड येते वजनातून. 78 टनांचे इंजिन फार तर 26 टनांच्या आसपास ओढ लावू शकते, 123 टनांचे इंजिन 33 टनांच्या आसपास. आता घाटाचा हिशेब करा. बोरघाट आणि थळघाट दोन्हींचा चढ 37 ला 1. तेराशे टनांची गाडी या चढावर नुसती धरून ठेवायला 35 टनांची ओढ हवी, इंजिनाचे स्वतःचे वजन धरले तर 38 च्या पुढे. म्हणजे देशातले सर्वांत बळकट प्रवासी इंजिनसुद्धा एकट्याने ती गाडी घाटात रोखून धरू शकत नाही, चढवणे दूरच. कसारा आणि रायगडच्या कर्जतला बँकर का लागतात, हे या एका भागाकारात कळते. म्हणूनच मध्य रेल्वेने 2019 मध्ये राजधानी सुरू केल्यावर पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिने एकाच चालकाच्या हाती देण्याचा मार्ग धरला. बँकर जोडणे-सोडणे यातली मिनिटे वाचली. यात कमाल वेग एका किलोमीटरनेही वाढलेला नाही, तरी प्रवास लवकर होतो.

कमाल वेगाचे आकर्षण किती फसवे असते ते साध्या गणिताने दिसते. शंभर किलोमीटर अंतर 110 च्या वेगाने कापले तर साडेचोपन्न मिनिटे लागतात, 130 ने सेहेचाळीस, 160 ने साडेसदतीस. प्रत्येक पायरीला साडेआठ मिनिटांच्या आसपास कमाई. त्यासाठी 130 वरून 160 वर जाताना गाडीतली गतिज ऊर्जा दीडपट होते, ब्रेकला तितकेच जास्त काम, सिग्नल जास्त अंतरावरून दिसावा लागतो, रुळाची कडा, वळणाचा कल, फाटक, कुंपण हे सगळे बदलावे लागते. उलट एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी लूपलाईनमध्ये उभे राहणे एकदाच घडले तरी दहा-पंधरा मिनिटे जातात. पुणे–अजनी वंदे भारतचा प्रवास 881 किलोमीटरचा आहे आणि वेळ सुमारे बारा तासांचा. सरासरी ताशी 73 किलोमीटर. हीच गाडी 110 वरच अखंड धावली असती तर आठ तास पुरले असते. मधले चार तास इंजिनाने किंवा मोटरींनी गमावलेले नाहीत. ते थांब्यांत, वळणांत, गर्दीच्या जंक्शनांत आणि जिथे दुसरा मार्ग अजून नाही अशा तुकड्यांत गेले.

दौंड–मनमाड हा त्या दृष्टीने नमुनेदार मार्ग आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळात मातीकाम दुष्काळी कामगारांकडून करून घेऊन तो 1878 मध्ये सुरू झाला. या भागातल्या कोरडवाहू गावांच्या घामावर उभा राहिलेला हा मार्ग दीर्घकाळ एकेरीच राहिला. उत्तर भारतातून पुणे-बंगळूरकडे जाणारी मोठी वाहतूक त्यावरून चालली आणि काष्टी, बेलवंडी, विसापूर, सारोळा अशा छोट्या स्टेशनांवर गाड्या एकमेकींची वाट पाहत उभ्या राहिल्या. त्याचे दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने पुढे गेले. दक्षिणेच्या मार्गावर भिगवण–वाशिंबे हा उरलेला एकेरी तुकडा 2022 मध्ये दुहेरी झाला, तेव्हा उजनीच्या पाण्याच्या काठाने जाणाऱ्या गाड्यांचा श्वास मोकळा झाला. दौंडला काही गाड्यांना दिशा बदलावी लागे, इंजिन एका टोकाकडून सोडून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. दौंडच्या कॉर्ड लाईनमुळे त्या गाड्यांचा हा खोळंबा टळला. मध्य रेल्वेचे विद्युतीकरण फेब्रुवारी 2023 मध्ये औसा रोड–लातूर रोड तुकड्याने पुरे झाले आणि डिझेलवरून विजेवर येताना होणारे इंजिनबदलही गेले. या चार कामांनी कर्जतच्या आसपासच्या प्रवाशाला दिलेला वेळ कोणत्याही नव्या इंजिनाच्या वाढीव वेगापेक्षा जास्त आहे, असे मी ठामपणे म्हणतो. खिल्लारी बैलजोडी घेतली आणि शेताची वाट चिखलाचीच ठेवली, तर गाडी बैलांच्या चालीने जात नाही, चिखलाच्या चालीने जाते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की इंजिनाने ओढायची गाडी हाच जुना विचार झाला. जपानने 1964 मध्ये शिंकान्सेनला प्रत्येक डब्याखाली मोटरी बसवल्या, जग त्याच दिशेने गेले, मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनही तशीच असणार आणि वंदे भारतच्या सोळा डब्यांपैकी आठ डबे स्वतः ओढणारे आहेत. हा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खरा आहे. भार अनेक आसांवर वाटला की पकड वाढते, गाडी चटकन वेग घेते, घाटही सोपा होतो. ताशी 300 च्या पुढे जायचे तर हाच रस्ता आहे, जरी 1955 मध्ये फ्रान्सच्या साध्या विद्युत इंजिनाने 331 आणि 2006 मध्ये सीमेन्सच्या टॉरस वर्गातल्या इंजिनाने 357 किलोमीटरची नोंद केली असली तरी. पण आपल्याकडचा प्रश्न 300 चा नाही. आपल्याला रोज लाखो माणसे 110-130 च्या वेगाने, परवडणाऱ्या तिकिटात न्यायची आहेत. तिथे इंजिनाचे गुण वेगळे ठरतात. सणासुदीला चार डबे वाढवता येतात, एक डबा बिघडला तर गाडी अडत नाही, तेच तंत्र प्रवासी गाडीला आणि मालगाडीला चालते, तेच सुटे भाग, तीच शेड. सोलापूर किंवा अजनीच्या वंदे भारत गाडीत सगळे डबे वातानुकूलित आणि बसायचे. दौंडला येऊन पुण्याला किंवा मुंबईला जाणारा राशीनचा विद्यार्थी, हंगामी मजूर, केईएम किंवा ससूनला निघालेले कुटुंब त्या तिकिटाचा विचारही करत नाही. त्यांची गाडी म्हणजे जनरल आणि स्लीपरचे डबे. डिसेंबर 2023 मध्ये आलेल्या अमृत भारत गाड्या या दृष्टीने मला वंदे भारतपेक्षा महत्त्वाच्या वाटतात: बावीस बिगर-वातानुकूलित डबे, पुढे-मागे एकेक डब्ल्यूएपी-5, 130 चा वेग. तीस वर्षांपूर्वी मोठ्या खर्चाने आणलेले वेगवान इंजिन जोडीने काम करू लागले तेव्हा कुठे ते सामान्य प्रवाशाच्या गाडीला लागले.

दुसरा आक्षेप विजेच्या स्वच्छतेचा. कोराडी, चंद्रपूर इथे कोळसा जाळूनच ही वीज येते, मग डिझेलचा धूर फक्त स्टेशनावरून विदर्भात नेऊन ठेवला, असे म्हणतात. या म्हणण्यात विदर्भातल्या माणसाचे खरे दुखणे आहे, ते झटकून टाकता येणार नाही. तरीही तोल विजेच्या बाजूनेच पडतो. विजेचा स्रोत बदलता येतो, सौर आणि पवन वीज त्याच तारेत मिसळते, डिझेल इंजिनाला ती सोय नाही. घाट उतरताना, स्टेशन येताना तीन-फेजचे इंजिन वीज परत देते. आणि इंजिनातूनच डब्यांना दिवे-वातानुकूलनासाठी वीज पुरवण्याची सोय आल्यामुळे गाडीच्या दोन टोकांना दिवसरात्र घरघरणारे जनरेटर डबे कमी करता आले. त्या जागी माणसांना बसायला डबा आला. हा बदल कोणत्याही जाहिरातीत फारसा दिसत नाही, तरी या ताफ्याच्या उत्तम देणग्यांपैकी तो एक आहे. विजेची तार तुटली की सगळेच अडते, हा तिसरा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे. पावसाळ्यात घाटात, उन्हाळ्यातल्या वादळात तार पडते आणि मागे गाड्यांची रांग लागते. त्यावर उपाय म्हणजे दुरुस्तीच्या टॉवर-वॅगन आणि माणसे पुरेशी ठेवणे, आणि मोक्याच्या ठिकाणी काही डिझेल इंजिने चालू स्थितीत राखणे. सगळे डिझेल मोडीत काढण्याची घाई करू नये.

ताफा म्हणजे केवळ कारखान्यातून निघालेली इंजिने नव्हेत. चित्तरंजनने 2024-25 मध्ये 700 इंजिने बनवली, हा मोठा पराक्रम आहे. पण प्रत्येक इंजिन ठरावीक मुदतीने शेडमध्ये येते, चाके घासली जातात, कन्व्हर्टर तपासला जातो, पॅन्टोग्राफची पट्टी बदलली जाते. अजनी, भुसावळ, कल्याणच्या शेड आणि नाशिकरोडच्या कर्षण यंत्र कारखान्यातले कारागीर या ताफ्याचे आयुष्य ठरवतात. नागपूरला आता अल्स्टॉमच्या बारा हजार अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-12बी मालगाडी इंजिनांचीही देखभाल होते. इंजिने वाढली त्या प्रमाणात या हातांची संख्या वाढली नाही तर उद्या उभी इंजिने दिसतील. चालकांचेही तसेच. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी 2011 मध्ये महिला दिनी डेक्कन क्वीन चालवली आणि 13 मार्च 2023 रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, म्हणजे याच दौंड–सोलापूर मार्गाने. 2025 मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांचे कौतुक सगळीकडे झाले. पण त्यांच्या मागून आलेल्या मुली ज्या जुन्या इंजिनांवर मालगाड्या चालवतात, त्यांतल्या कित्येकांत साधे स्वच्छतागृह नाही. नव्या इंजिनांत ही सोय येऊ लागली आहे. 160 च्या वेगाची चर्चा होते त्याच्या निम्मीही या गोष्टीची होत नाही, हे मला लाजिरवाणे वाटते.

कर्जतपुरते बोलायचे तर अहिल्यानगरहून आष्टीपर्यंतचा नवा मार्ग सप्टेंबर 2022 मध्ये आणि बीडपर्यंतचा 17 सप्टेंबर 2025 रोजी खुला झाला. परळीपर्यंतची 261 किलोमीटरची ही रेषा तालुक्याच्या उत्तरेकडून जाते. ती पुरी झाल्यावर खत, सिमेंट, भुसार आणि साखरेची वाहतूक डब्ल्यूएजी-9 च्या मागे सरळ मराठवाड्यात जाऊ शकेल आणि मिरजगावच्या बाजूच्या गावांना स्टेशन जवळ येईल. वेगवान गाडीचा थांबा मागण्याची चढाओढ प्रत्येक तालुक्यात चालते. मला त्याऐवजी पुढच्या मागण्या जास्त न्याय्य वाटतात: दौंड–मनमाडचे उरलेले दुहेरीकरण ठरल्या मुदतीत, दौंड आणि अहिल्यानगरला थांबणाऱ्या रोजच्या गाडीत जनरलचे चार डबे जास्त, सकाळी पुण्याकडे जाऊन रात्री परतणारी एक साधी गाडी, आणि तिच्या वेळेशी जुळणारी कर्जत–राशीन–सिद्धटेक–दौंड एसटी. त्या गाडीच्या पुढे डब्ल्यूएपी-7 लागेल की आणखी जुने इंजिन, याने कर्जतच्या माणसाला फारसा फरक पडणार नाही. दोन्ही त्याच्या गरजेपेक्षा वेगवानच आहेत.